संगणक सुरू होत नाही, तेव्हा...

‘संगणक सुरूच होत नाही’ अशी तक्रार घेऊन कोणी आलं, की मी आधी एकच प्रश्न विचारतो : बटण दाबल्यावर नेमकं काय होतं? निम्मं निदान या उत्तरातच असतं.

बटण दाबल्यावर संगणकात काही गोष्टी ठरावीक क्रमाने घडतात. भिंतीतली २३० व्होल्टची वीज एसएमपीएस नावाच्या पेटीत १२, ५ आणि ३.३ व्होल्टची होते. मग मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो आणि शाळेतल्या मास्तरांसारखी हजेरी घेतो : प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, कीबोर्ड आहे का? १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीपासून ही पद्धत चालत आली आहे. हजेरी झाली की मगच हार्ड डिस्कवरून विंडोज उचललं जातं. गाडी यातल्या कोणत्या स्टेशनवर अडली, एवढंच आपल्याला शोधायचं असतं.

पंखा नाही, दिवा नाही, काहीच नाही? मग अडचण विजेची. त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून पाहा. यूपीएस बाजूला ठेवून थेट भिंतीतून वीज द्या. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसचा छोटा स्विच असतो, तो झाडलोट करताना बंद झालेला असू शकतो. पण एसएमपीएसची पेटी मात्र उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठून राहते.

पंखा फिरतो, पण पडदा काळाच? आधी मॉनिटरची वायर तपासा. ‘बीप’ असा आवाज वारंवार येत असेल तर बायोस काहीतरी सांगतो आहे. पुष्कळदा दोष रॅमचा निघतो. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ धरतो. वीज पूर्ण काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा, रॅम काढून त्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा आणि दोन्ही बाजूंनी ‘खट्’ होईपर्यंत परत बसवा.

पडद्यावर अक्षरं येतात, पण विंडोज येत नाही? आधी एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का ते बघा. दर वेळी तारीख चुकत असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल बदला.

आता सर्वांत महत्त्वाचं. संगणक बंद पडणं आणि त्यातली माहिती जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानाचे हिशेब, मुलीच्या लग्नाचे फोटो हे सारं हार्ड डिस्कवर असतं. पहिल्या दोन प्रकारांत गाडी डिस्कपर्यंत पोचलेलीच नसते. मग ‘फॉरमॅट मारावा लागेल’ याला लगेच मान कशाला डोलवायची? डिस्क धडधाकट असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते आणि माहिती उतरवून घेता येते. ती कुलूपबंद केलेली असेल, तर तिची किल्ली, म्हणजे रिकव्हरी की, तेवढी हाताशी हवी. मात्र डिस्कमधून ‘टक्-टक्’ आवाज येत असेल तर संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. दर वेळी नुकसान वाढू शकतं.

म्हणून दुरुस्तीला नेण्यापूर्वी काय दिसलं, काय ऐकू आलं, ते कागदावर लिहून न्या. आणि दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्ट सांगा, ‘आधी माहितीची प्रत, मग फॉरमॅट.’