ग्रामसभेचे इतिवृत्त आणि यंत्रसहायक

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या सहायकाचा कार्यालयीन लेखनात उपयोग कसा आरंभावा, हा प्रश्न आता मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांपुरता उरलेला नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘सभासार’ नावाचे साधन चालू केले. ग्रामसभेचे ध्वनिमुद्रण अथवा चित्रमुद्रण त्यास पुरविले की, ते बोललेला मजकूर अक्षरबद्ध करते आणि त्यावरून इतिवृत्ताचा मसुदा सिद्ध करते. ‘भाषिणी’ या शासकीय भाषायोजनेच्या पायावर ते उभे असून तीत मराठीचा अंतर्भाव आहे. याखेरीज चॅटजीपीटी, जेमिनी यांसारखे सर्वसाधारण सहायक भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहेत. तेव्हा पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडील एखाद्या ग्रामपंचायतीत अशा साधनाचा प्रथमच वापर करावयाचा झाल्यास कोणती सावधगिरी बाळगावी, याचा विचार भाषाशास्त्राच्या अंगाने करणे अप्रस्तुत ठरू नये.

उदाहरणादाखल जव्हार तालुक्यातील वावर हे गाव घेऊ. गावाचे नावच आपल्याला पहिला धडा देते. प्रमाण मराठीत ‘वावर’ म्हणजे हिंडणेफिरणे. विदर्भ-खानदेशाकडे ‘वावर’ म्हणजे शेत. आणि येथे ते विशेषनाम आहे. समजा, सभेत कोणी म्हणाले, “वावरातल्या विहिरीची दुरुस्ती व्हावी.” सभेस बसलेल्या कोणासही या वाक्याचा अर्थ विचारावा लागत नाही. यंत्राला मात्र ही विहीर गावची की शेतातली, हे ठरवावे लागते. गावची विहीर सार्वजनिक, शेतातली बहुधा खाजगी. म्हणजे पंचायतीने खर्च करावा की नाही, हा प्रश्न एका शब्दाच्या अर्थापाशी येऊन ठेपतो.

यंत्र हा निर्णय कसा घेते? भाषेचे जे प्रतिमान या साधनांच्या मुळाशी असते, ते अफाट लिखित मजकुरावर घडविलेले असते. मागील शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचे गणित ते मांडीत जाते. शब्द अखंड न घेता त्याचे तुकडे करून ते काम करते. रोमन लिपीतील एक अक्षर संगणकाच्या प्रचलित संकेतनात एका बाइटमध्ये मावते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘जव्हार’ या शब्दात ज, व, हलन्तचिन्ह, ह, काना व र अशी सहा चिन्हे, म्हणजे अठरा बाइट. जी प्रतिमाने मराठीसाठी पुरेशी जुळविलेली नाहीत, त्यांच्यापुढे आपला शब्द अशा बारीक तुकड्यांनी येतो. अलीकडच्या साधनांत ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. परंतु दुसरी अडचण लिपीची नसून वाङ्मयाची आहे. छापील मराठी पुण्या-मुंबईची अधिक, जव्हारची अत्यल्प. आणि वारली, कोकणा, कातकरी या बोलींतील लिखित मजकूर तर फारच तुटपुंजा. ज्याचा संभव अधिक त्याकडे झुकणे हा यंत्राचा धर्मच असल्याने अपरिचित शब्दाच्या जागी परिचित शब्द बसविण्याकडे त्याचा कल असतो.

‘नागली’ची ‘नाचणी’ झाली तर फारसे बिघडत नाही. पण ‘राब’ घ्या. भाताच्या रोपवाटिकेसाठी पालापाचोळा व शेण जाळून जमीन भाजणे म्हणजे राब. त्यासाठी लागणाऱ्या डहाळ्या रानातून येतात, आणि म्हणून हा शब्द जंगलावरील हक्काशी जोडलेला आहे. ‘राबासाठी’ हे जर ‘राबण्यासाठी’ असे उतरले, तर वनहक्काची मागणी रोजगाराची मागणी होऊन बसते. ‘वरकस’ जमीन, ‘खावटी’, ‘पाडा’ या शब्दांचीही अशीच काळजी वाटते.

हिंदीच्या शेजारामुळे आणखी एक संकट उद्भवते. यंत्राने वाचलेल्या देवनागरी मजकुरात हिंदीचा वाटा मोठा. हरकत घेणाऱ्याने ‘आपत्ती नोंदविली’, ठरावात दुरुस्तीऐवजी ‘संशोधन’ झाले, अशी वाक्ये मसुद्यात आढळल्यास नवल वाटू नये. ‘कार्यवाही’ व ‘कारवाई’ यांतील भेद तर माणसेही विसरत चालली आहेत. दफ्तरात मात्र पहिलीने काम पुढे जाते आणि दुसरीने एखाद्याची नोकरी.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. जव्हार व मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी मिळाली, भूसंपादनापूर्वी विचारविनिमयाची तरतूद झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे प्रथम ग्रामसभेपुढेच येतात. अशा ठिकाणी इतिवृत्त हा पुरावा असतो. पुढे वाद उद्भवला तर सभेतले बोलणे कोणी ऐकत नाही, कागद पाहिला जातो. आणि यंत्राच्या चुकीचा विशेष असा की, ती अशुद्ध दिसत नाही. घाईत लिहिलेल्या हस्तलिखितातील खाडाखोड संशय उत्पन्न करते. यंत्राचे वाक्य गुळगुळीत असते. पहिल्या टप्प्यात ऐकताना झालेली चूक दुसऱ्या टप्प्यात सारांशाच्या प्रमाण मराठीखाली पूर्णपणे झाकली जाते. त्यासाठी सारांशाबरोबर मूळ अक्षरबद्ध मजकूर आणि ध्वनिमुद्रण ही दोन्ही जपून ठेवणे अगत्याचे आहे.

आरंभ ग्रामसभेपासून करूच नये, असे माझे मत आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) प्रथम ज्या पत्राचा आशय स्वतःस पूर्ण ठाऊक आहे असे पत्र घ्यावे; उदाहरणार्थ, हातपंपाच्या दुरुस्तीसाठी पंचायत समितीस पाठवावयाचे स्मरणपत्र. सहायकास कागद कोणता, कोणाला, कोणत्या माहितीवरून हे स्पष्ट सांगावे, मागील पत्राचा क्रमांक व दिनांक द्यावा, आणि पुढील आशयाची सूचना न विसरता जोडावी: “दिलेल्या माहितीबाहेरचे काही लिहू नये, जे दिलेले नाही तेथे जागा रिकामी सोडावी.” ही सूचना नसेल तर रिकाम्या जागेत विश्वसनीय दिसणारा शासननिर्णय क्रमांकही उमटू शकतो. सूचना असूनही तो उमटणार नाही अशी हमी नाही. म्हणून प्रत्येक आकडा मूळ कागदाशी ताडून पाहावा. अशी दहा-पंधरा पत्रे झाल्यावर साधनाच्या खोडी आपोआप ध्यानात येतात, मग इतिवृत्ताकडे वळावे.

काही कागद या साधनांच्या स्वाधीन मुळीच करू नयेत. वावर-वांगणी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १९९२ च्या बालमृत्यूंमुळे. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. आजही या तालुक्यांत बालकांची वजने, त्यांच्या श्रेणी, मातांची नावे अशा याद्या तयार कराव्या लागतात. अशी यादी तक्त्यात बसवून घेण्यासाठी खाजगी सहायकाला देणे सोयीचे खरे, पण ती कोठे साठते हे देणाऱ्याला कळत नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. त्याची वाट न पाहताही नावे, आधार क्रमांक व पाड्याचा उल्लेख काढून रिकाम्या तक्त्याचा नमुना तेवढा करून घेता येतो. आकडे मग हाताने भरावेत.

इतिवृत्तासाठी एक साधी पूर्वतयारी सुचवितो. गावातील पाड्यांची, ओढ्यांची व शिवारांची नावे, पिके, जमिनीचे प्रकार आणि नेहमीचे बोलीतील शब्द यांची अर्थासह दोन पृष्ठांची यादी करावी. ‘वावर: गावाचे नाव, शेत नव्हे’ ही तिची पहिली ओळ. यादी करण्यास वारली व कोकणा बोलणारी वडीलधारी माणसे हवीत; आमच्यासारख्यांनी फार तर लेखनिक व्हावे. सर्वसाधारण सहायकाला प्रत्येक वेळी मसुद्याबरोबर ही यादी द्यावी. ‘सभासार’चा मसुदा तपासणाऱ्याने ती शेजारी ठेवावी. मसुदा तयार झाल्यावर सही होण्यापूर्वी तो सभेत मोठ्याने वाचावा, आणि प्रत्येक ठराव बोलीत सांगून सूचक व अनुमोदक यांच्याकडून “हेच बोललो” असे वदवून घ्यावे. पेसाखाली एखाद्या पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा असेल, तर हे वाचन त्या पाड्यातच व्हावे.