अंडाशयाची एंडोमेट्रिऑइड अर्बुदे

अंडाशयाची एंडोमेट्रिऑइड अर्बुदे : गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखी (आतील अस्तरासारखी) सूक्ष्मरचना असलेली अंडाशयातील अर्बुदे (कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या अनिर्बंध वाढीने बनलेल्या गाठी). यांतील साधी अर्बुदे विरळा असून बहुसंख्य मारक, म्हणजे कर्करोगाची असतात. अंडाशयाच्या अधिस्तरीय कर्करोगांपैकी सुमारे १०% या प्रकारचे असून ते बहुधा पन्नाशीच्या सुमारास आढळतात.

गर्भाशयाचे अस्तर अंडाशयात नसते. मग त्याच्यासारखे अर्बुद तेथे कसे उद्‌भवते? एंडोमेट्रिऑसिस या विकारात असे ऊतक गर्भाशयाबाहेर रुजते व अंडाशयात जुन्या रक्ताने भरलेली ‘चॉकलेट सिस्ट’ तयार होते. अशा ऊतकापासून कर्करोग होऊ शकतो, हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ञ जॉन सॅम्पसन यांनी १९२५ मध्ये दाखविले. मासिक पाळीतील रक्त अंडवाहिन्यांतून उलट वाहून हे ऊतक उदरगुहेत पोहोचते, हा त्यांचा सिद्धांत (१९२७) आजही बव्हंशी मान्य आहे. २०१० मध्ये काही रुग्णांच्या अर्बुदात व त्याला लागून असलेल्या एंडोमेट्रिऑसिसच्या ऊतकात एकाच जनुकाचे (एआरआयडी१ए) उत्परिवर्तन आढळल्याने या संबंधास बळकटी आली. तथापि एंडोमेट्रिऑसिस असलेल्या फारच थोड्या स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग होतो. त्यांच्या बाबतीत आयुष्यभराचा धोका २ टक्क्यांहून कमी आहे. केवळ या भीतीपोटी अंडाशय काढून टाकणे समर्थनीय ठरत नाही.

ओटीपोट जड वाटणे वा फुगणे आणि तेथे दुखणे ही लक्षणे मोघम असल्याने दुर्लक्षिली जातात. रजोनिवृत्तीनंतर होणारा रक्तस्राव मात्र कधीही किरकोळ समजू नये. सुमारे १५ ते २०% रुग्णांत गर्भाशयाच्या अंतःस्तरातही त्याच प्रकारचा कर्करोग असतो. असे दोन कर्करोग स्वतंत्र मानावेत की एकाचाच प्रसार, हा वाद दीर्घकाळ चालला. २०१६ मधील जनुकीय अभ्यासांनुसार बहुतेक जोड्यांचे मूळ एकच असते. असे असूनही दोन्ही अर्बुदे कमी प्रतीची व त्या त्या अवयवापुरती मर्यादित असल्यास रुग्णाचे भवितव्य चांगले असते. त्यामुळे आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र महासंघाने २०२३ मध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाच्या वर्गीकरणात काही अटींसह त्यांना पहिल्याच अवस्थेत स्थान दिले. पसरलेला कर्करोग समजून अशा रुग्णावर अकारण तीव्र उपचार होऊ नयेत, हा त्यामागील व्यवहार्य हेतू होय.

श्राव्यातीत (सोनोग्राफी) तपासणी व रक्तातील सीए-१२५ हे प्रथिन यांवरून संशय येतो; निश्चिती ऊतकपरीक्षेनेच होते. गर्भाशय, अंडाशय व अंडवाहिन्या काढणे ही मुख्य चिकित्सा असून गरजेप्रमाणे कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही औषधे देतात. अपत्याची इच्छा असलेल्या तरुण स्त्रीत रोग एकाच अंडाशयापुरता असल्यास, गर्भाशयाचा अंतःस्तर तपासून दुसरे अंडाशय व गर्भाशय राखता येते. काही रुग्णांत लिंच लक्षणसमूह हा आनुवंशिक दोष असतो. त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचाही धोका असल्याने अर्बुदाची तशी तपासणी करणे इष्ट असते व दोष आढळल्यास रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांनाही तपासून घेण्याचा सल्ला देतात.