कर्ता पुरुष

कर्ता पुरुष ही कुटुंबाच्या चरितार्थाची व प्रमुख निर्णयांची जबाबदारी वाहणाऱ्या पुरुषासाठी मराठीत वापरली जाणारी संज्ञा आहे. 'मुलगा कर्ता झाला' असे म्हणताना वयापेक्षा जबाबदारी पेलण्याची क्षमता अभिप्रेत असते. त्यामुळे या संकल्पनेत पुरुषत्वाची ओळख शारीरिक बळापेक्षा पोशिंदेपणाशी जोडली जाते आणि पितृत्वानंतर ती अधिक दृढ होते.

== कायदेशीर अर्थ ==
हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या व्यवस्थापकास 'कर्ता' म्हणतात. हे स्थान परंपरेने ज्येष्ठ पुरुष सहदायादाकडे असे. हिंदू उत्तराधिकार अधिनियमातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही सहदायादाचे हक्क मिळाले. त्याआधारे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये, सुजाता शर्मा विरुद्ध मनू गुप्ता या खटल्यात, ज्येष्ठ स्त्री सहदायादही कर्ता होऊ शकते असा निर्णय दिला.

== श्रम आणि श्रेय ==
गोंदिया जिल्ह्यात, बोदलकसा तलाव असलेल्या तिरोडा तालुक्यासह, भात हे मुख्य पीक आहे. भातशेतीत नांगरणी व चिखलणी सामान्यतः पुरुष करतात, तर रोवणी मुख्यत्वे स्त्रिया करतात. उत्पन्न दोघांच्या श्रमातून येत असले तरी 'कर्ता' ही उपाधी रूढीने पुरुषालाच मिळते. याची दुसरी बाजू म्हणजे नापिकी, कर्ज किंवा बेरोजगारीच्या काळात अपयशही त्याच्या एकट्याचे मानले जाते. अडचण बोलून दाखवणे हा कमकुवतपणा समजला गेल्याने अनेक पुरुष ती कुटुंबापासूनही लपवतात.

== साहित्यातील चित्रण ==
नरेंद्र जाधव यांच्या 'आमचा बाप आन् आम्ही' (१९९३) या पुस्तकात नाशिक जिल्ह्यातील ओझरहून मुंबईत आलेल्या त्यांच्या वडिलांचे, दामोदर जाधव यांचे, जीवन आले आहे. जातिभेदाला तोंड देत मुलांच्या शिक्षणाचा आग्रह धरणारा हा बाप आहे. अधिकार गाजवण्यापेक्षा पुढच्या पिढीला वाट मोकळी करून देणे हे त्याच्या कर्तेपणाचे स्वरूप ठरते.

== बदलते स्वरूप ==
केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असल्यास १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये बालसंगोपन रजा लागू करताना पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांचाही समावेश केला. अर्थार्जनासोबत प्रत्यक्ष संगोपन हेही पित्याचे कर्तव्य असल्याची दखल अशा तरतुदींतून घेतली गेली आहे.