मनाच्या डॉक्टरकडे लपून कशाला जायचं?

छातीत धडधड, हातपाय गार, घशाला कोरड आणि आता आपण काही वाचत नाही अशी खात्री. गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या गावात असं झालं की माणूस आधी जवळच्या दवाखान्यात जातो. बीपी तपासतात, ईसीजी निघतो, अशक्तपणा म्हणून सलाइन लागते. ईसीजी चांगला येतो आणि ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर बोळवण होते. पंधरा दिवसांनी पुन्हा ‘जीव घाबरते’. मग घरातलं कुणीतरी बाहेरच्या बाधेचा विषय काढतं आणि वाट झाडफूक करणाऱ्या बैगाकडे वळते. चिंतेच्या झटक्याला चिंतेचा झटका म्हणणारा माणूस भेटेपर्यंत कित्येकदा वर्ष उलटतं.

ज्यांना परवडतं ते सकाळची गाडी धरून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठतात. तिथे डॉक्टर जास्त आहेत हे एक कारण. दुसरं कारण उघड बोललं जात नाही: नागपुरात कुणी ओळखीचं भेटत नाही. घरात लग्नाची मुलगी आहे, लोक काय म्हणतील? या लपवाछपवीचा फटका थेट उपचाराला बसतो. बोलून करायचा उपचार एका भेटीत होत नाही, त्याला काही आठवडे जावं लागतं. दर खेपेला नवी सबब सांगून गावाबाहेर पडणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर गळतो.

वास्तविक दार जिल्ह्यातच आहे. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, कुंवर तिलकसिंह रुग्णालय त्याला जोडलेलं आहे. एमबीबीएस शिकवणाऱ्या महाविद्यालयात मनोविकार विभाग असावाच लागतो. तापासाठी जशी ओपीडीची चिठ्ठी काढायची, तशीच झोप लागत नाही म्हणूनही काढता येते.

निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण गोंदियाला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्यं होती. देशभराचं चित्र असं दिसलं की प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. नैराश्य आणि चिंता यांसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

एवढे मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून? याचं एक उत्तर विदर्भातच मिळालं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी घरोघरी आणि बैठकांतून विषय काढला, खचलेली माणसं ओळखली, त्यांना समुपदेशकांशी जोडून दिलं. अवघड रुग्णांसाठी मानसोपचारतज्ज्ञ यायचे. प्रकल्पाआधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोकच मदतीपर्यंत पोचत होते. दीड वर्षात हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावं घेतली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. तरीही हे आकडे नजरेआड करण्याजोगे नाहीत.

गोव्यात तर अशी रीतसर तुलनाही झाली. ‘संगत’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या गटातल्या ६४ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीचाच उपचार मिळालेल्या गटात ३९ टक्के.

या बैठकांत होतं काय? समजा, अर्जुनी मोरगावकडचा एक धान उत्पादक आहे. रोवणी झाली, पण बांधीकडे फिरकावंसं वाटत नाही, पानठेल्यावर बसणंही सुटलं. समुपदेशक त्याला ‘मन खंबीर करा’ असं सांगत बसत नाही. ‘कालचा दिवस सकाळपासून सांगा’ म्हणतो. कुठल्या वेळी जीव जास्त जड होतो, कुठल्या वेळी थोडा हलका, हे वहीत उतरतं. मग दोनच कामं ठरतात: सकाळी बांधीवर एक फेरी, संध्याकाळी पानठेल्यावर पाच मिनिटं. पुढच्या खेपेला चौकशी होते, जमलं का, नाही तर कुठे अडलं. ‘बरं वाटलं की करीन’ हा क्रम इथे उलटा होतो. आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं. आजार तीव्र असेल तर गोळ्या लागतात. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात, म्हणून आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून त्या सोडू नयेत.

समुपदेशकाकडे आलेल्या नवराबायकोच्या बेबनावात मात्र एक भेद आधी करावा लागतो. अबोला, संशय, सासरमाहेरची ओढाताण यावर दोघांना एकत्र बसवून बोलणं उपयोगी पडतं. मारहाण होत असेल तिथे तसं बसवणं धोक्याचं असतं. नवऱ्यासमोर ती खरं बोलणार नाही, आणि बोलली तर घरी गेल्यावर भोगेल. तिथे आधी तिची सुरक्षितता बघायची. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. ‘जरा सांभाळून घे’ हे समुपदेशन नव्हे. आणि खचलेल्या मुलाचं ‘लग्न करून द्या, सुधारेल’ म्हणणारे तर आणखी एका मुलीचं आयुष्य पणाला लावतात.

ओपीडीपर्यंत जायचं धाडस होत नसेल तर फोनपासून सुरुवात करता येते. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. पण या जिल्ह्यात घराघरांत पोवारी, गोंडी, छत्तीसगडीही बोलली जाते. रडू फुटतं ते घरच्या बोलीत. म्हणून सालेकसा-देवरीच्या गावांसाठी तिथलीच मुलंमुली आणि आशाताई या कामात तयार व्हायला हव्यात.

हे मागणं म्हणजे मेहेरबानीची याचना नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधनही घातलं आहे. किमान सेवा जिल्ह्यात उपलब्ध नसतील, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणच्या उपचाराचा खर्च सरकारने उचलायचा, असंही त्यात लिहिलं आहे. रस्ता आणि नळयोजनेसोबत हा विषयही ग्रामसभेत मांडता येतो.