जर्मन सिल्व्हर म्हणजे चांदी नव्हे. घेताना हे बघा

लग्नसराई आली की बाजारात जर्मन सिल्व्हरचे पैंजण, जोडवी, निरांजन, पूजेची ताटं चमकायला लागतात. नावात सिल्व्हर आहे, पण यात चांदी गुंजभरही नसते. साधारण ६० टक्के तांबं, २० टक्के निकेल आणि २० टक्के जस्त, असा हा मिश्रधातू. निकेलमुळे तांब्याचा लालपणा जाऊन पांढरी झाक येते. १९व्या शतकात जर्मनीत तो बनू लागला, म्हणून हे नाव.

वस्तू वाईट नाही. मजबूत असते, स्वस्त पडते, नक्षीही छान उठते. फक्त चांदीच्या भावात घेऊ नका. अडीनडीला मोडायला गेलात तर सराफ चांदीचे पैसे देणार नाही. लोहचुंबकावर भरवसा नको. चांदी चिकटत नाही आणि हेही सहसा चिकटत नाही. चांदीच घ्यायची असेल तर बीआयएस हॉलमार्क बघा. ९२५ म्हणजे ९२.५ टक्के चांदी. आणि पक्कं बिल घ्याच.

निकेलमुळे काहींना खाज सुटते, पुरळ येतं. तसं झालं तर दागिना लगेच काढा. या ताटवाटीत दही, पंचामृत, लिंबू असं आंबट फार वेळ ठेवू नका.