नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली?

दिवाळी अंकातली कथा स्कॅन करून व्हॉट्सॲपवर टाकायची, खाली ‘लेखकाचे आभार’ लिहायचं, की झालं, असं अनेकांना मनापासून वाटतं. लेखकाचं नाव देणं आवश्यकच आहे, पण त्याने कथा वाटायची परवानगी मिळत नाही. पैसे कमावले नाहीत, ही सबबही पुरत नाही. कॉपीराइटचं चिन्ह छापलेलं नसलं तरी फरक पडत नाही. १९५७च्या कायद्यानुसार लेखन कागदावर उतरलं की हक्क आपोआप मिळतो, नोंदणी ऐच्छिक असते.

‘जुनं ते सगळ्यांचं’ हेही अर्धंच खरं. भारतात लेखकाच्या निधनानंतरची ६० वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११पासून मुक्त आहे. अत्र्यांचं १ जानेवारी २०३०ला होईल. पुलंसाठी २०६१ उजाडावं लागेल. शिवाय मुक्त पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि चित्रं मुक्त असतीलच असं नाही.

ज्यांना आपलं काम आपणहून वाटायचंय, त्यांच्यासाठी २००२पासून क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आहेत. ते घेतले की मालकी गेली, ही भीती निराधार आहे. मालकी तुमचीच राहते. कोणी काय केलेलं चालेल, हे तुम्ही आधीच जाहीर करता. मात्र एकदा दिलेली मुभा मागे घेता येत नाही. उद्या तुम्ही परवाना काढून टाकलात, तरी ज्यांनी आधी प्रत घेतली ते अटी पाळून ती वापरतच राहणार. तेव्हा घाई नको.

सगळ्यात फसवा आहे ‘अव्यावसायिक’ परवाना. सुरक्षित वाटतो, म्हणून लोक डोळे झाकून तोच निवडतात. पण विकिपीडियाला चित्रं पुरवणारं विकिमीडिया कॉमन्स असे फोटो घेत नाही, कारण तिथलं साहित्य कुणालाही, धंद्यासाठीसुद्धा, वापरता आलं पाहिजे. राजगडाचा तुमचा फोटो मराठी विकिपीडियावर दिसावा असं वाटत असेल, तर ‘श्रेय द्या, तसंच वाटा’ हा परवाना बरा, असं माझं मत. त्यात फोटोत फेरफार करणाऱ्यालाही आपली आवृत्ती त्याच अटींवर खुली ठेवावी लागते.

आणि मासिकात छापून आलेला स्वतःचा लेख? बाहेरच्या लेखकाचे हक्क नुसत्या छपाईने मासिकाकडे जात नाहीत. त्यासाठी सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. लेख खुला करण्यापूर्वी तो कागद शोधून वाचा.