उजेडाची वेळ, चहाची वेळ

निसर्गचित्रणाला लागणारा तिरपा, कोवळा उजेड दिवसातून दोनदाच मिळतो, उगवतीला आणि मावळतीला. नेमक्या त्याच दोन वेळा घरच्यांच्या असतात. सकाळी पोरं गाढ झोपेत, संध्याकाळी सगळ्यांना भूक लागलेली. कॅमेऱ्याचा नाद असलेल्या माणसाच्या सहलीतली बहुतेक भांडणं या वेळापत्रकावरून होतात. लेन्सच्या किमतीवरून होतात ती वेगळी.

आपल्याकडचा यावरचा तोडगा मला अजिबात पटत नाही. भाड्याची गाडी करायची, दिवसाला सात ‘पॉइंट’ उरकायचे आणि प्रत्येक ठिकाणी ‘फक्त पाच मिनिटं’ मागून घ्यायची. घरचे वैतागतात आणि फोटोही भर दुपारचे, सपाट येतात. त्यापेक्षा मुक्काम एकच करावा, पण असा की उजेड दारापासून चालत गाठता येईल. बेत आखायला इथूनच सुरुवात व्हावी.

या हिशेबात कोकण सर्वांत सोपं. किनारा पश्चिमेकडे तोंड करून, त्यामुळे पहाटे कुणाला उठवायची गरज नाही. पण नुसता बुडता सूर्य टिपून भागत नाही, पुढ्यात काहीतरी लागतं. ते ओहोटी देते : आभाळाचा रंग धरणारी ओली वाळू, शेवाळलेले खडक, पाण्याने मागे सोडलेली नक्षी. ओहोटी कधी, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरून काढता येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बाराच्या दरम्यान. तिथून साधारण सहा तासांनी ओहोटी. आडाखा ढोबळ आहे, थोडं मागेपुढे धरावं. पण गंमत बघा, दिवाळीच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला पाणी त्याच सुमाराला सर्वांत लांब गेलेलं असतं. आता पूजा टाकून किनाऱ्यावर कोण जाणार? हरकत नाही. पाडव्याला ओहोटी पावणेसातच्या आसपास असते, म्हणजे सूर्यास्ताला पाणी बरंच हटलेलं असतं. भाऊबीजेला ती साडेसातवर जाते आणि मेळ मोडायला लागतो. एक मात्र पाळायचं. उधाणाच्या दिवसांत उतरतं पाणी आत ओढतं. पोरं लाटांत आणि सांभाळणाऱ्याचा डोळा व्ह्यूफाइंडरला, असं होता कामा नये.

कासचं वेगळंच. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचं हे पठार पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि सप्टेंबरात तिथे माणसांचाही बहर येऊ लागला. पण फुलांना कडक ऊन सोसत नाही, ढगाळ दुपार मानवते. सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांचे रंग मळभात उलट अधिक खुलतात, म्हणजे सगळ्यांनी पोटभर नाश्ता करून निघालं तरी चालतं. फक्त ‘फुलांत बसलेली मुलगी’ हा फोटो काढू नये. तिच्या खाली काय चिरडलं गेलं ते फोटोत दिसत नाही.

कुटुंब बरोबर असलं की गंभीर काम होत नाही, असं मानणाऱ्यांना मी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या ‘मूनराइज, हर्नांडेझ, न्यू मेक्सिको’ या फोटोची गोष्ट सांगतो. दिवसभराचं काम मनासारखं झालं नव्हतं, अ‍ॅडम्स सँटा फेकडे परतत होता. गाडीत आठ वर्षांचा मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट. रस्त्याकडेच्या दफनभूमीतल्या क्रुसांवर मावळतीचं ऊन, वर चढता चंद्र. त्याने गाडी थांबवली आणि दोघांना सामान आणायला ओरडून पळवलं. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या तेजाचा पाठ असलेला आकडा घेऊन त्याने मनातच एक्स्पोजर ठरवलं. एक फिल्म झाली. दुसरी घ्यायच्या आत क्रुसांवरचं ऊन गेलं. तारीख त्याने टिपून ठेवली नव्हती. चंद्र आकाशात कुठे आहे यावरून पुढे खगोलाच्या अभ्यासकांनी ती १ नोव्हेंबर १९४१ अशी काढली. ‘आपण लवकर परत जाऊ’ असं घरी सांगून निघालेल्या कुठल्याही बापाला ती धावपळ ओळखीची वाटेल.

घरच्या माणसांचा आणखी एक उपयोग आहे, तो मोजमापाचा. भंडारदऱ्याजवळ साम्रदची सांदण दरी नुसती टिपली तर दोन काळ्या भिंती दिसतात. खाली लाल टोपी घातलेलं माणूस उभं केलं की भिंती केवढ्या उंच, ते कळतं. अरुंद घळीच्या तळाला ऊन पोचतं ते सूर्य डोक्यावर आल्यावर, म्हणून तिथे दुपार वाया जात नाही. लहान मुलं बरोबर असतील तर सुरुवातीच्या टप्प्यातूनच परत फिरावं, आणि पावसाळ्यात दरीत उतरूच नये.

भंडारदऱ्याला तळ्याकाठी तंबूत राहिलं तर वेळापत्रकाचं भांडण जवळपास मिटतं. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं आणि वारा सुटायच्या आधी डोंगरांचं प्रतिबिंब अखंड मिळतं. बाकीच्यांची झोप होते, फोटो काढणारा हाकेच्या अंतरावर असतो. अमावास्येच्या आसपास गेलात तर थंडीतल्या निरभ्र रात्री मृग नक्षत्र दाखवायला मुलांना जागं ठेवा. ट्रायपॉड लावलेलाच असेल, तर वीसेक सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये काय उमटतं ते त्यांनाच बघू द्या. मे-जूनमध्ये काजव्यांसाठी जाणार असाल, तर गर्दीपासून लांब जागा धरा. एकच चौकट अनेकदा टिपून त्या एकावर एक रचायच्या असतात, त्यात एका बॅटरीचा झोत आला की ती चौकट बाद. काजव्यांनाही तो झोत जाचतो. मुलांच्या हातातल्या बॅटऱ्या आधीच काढून घ्या, आणि काकांच्या हातातला मोबाइलही.